‘देव बघून घेईल’ आणि टेबलावरची नोटीस

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजला की नाही ते तुम्हाला कळेल.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही ११ वर्षं क्वालिटीत आहात. एका लॉटचं माप ठरलेल्या मर्यादेबाहेर जात होतं, म्हणून तुम्ही तो थांबवला. रात्री वरिष्ठांचा फोन आला, ‘गाडी उभी आहे, सोडून दे, मी बघतो.’ तुम्ही सोडला. ग्राहकाकडून लॉट परत आला तेव्हा वरिष्ठांनी हात वर केले. कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने निघाली, तुमची पगारवाढ थांबली आणि त्याच सुमारास त्यांना बढती मिळाली. हेच गृहस्थ दर वर्षी कंपनीतल्या सत्यनारायणाला पूजेला बसतात, वारी चुकवत नाहीत. तुमची आई म्हणते, ‘गप्प राहा, देव बघून घेईल.’ तुम्ही मात्र देवापुढचा दिवा लावणं बंद केलं आहे. आणि शेवटी, जवळजवळ जाता जाता, तुम्ही लिहिलंत की गेल्या महिन्यात त्या वरिष्ठांच्या मुलाला मोटारसायकलचा अपघात झाला. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘बघा, वरच्याने हिशेब केला.’ तुम्हाला क्षणभर बरं वाटलं, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

मी ३४ वर्षं कारखान्यांच्या पर्सनल खात्यात काढली, बहुतेक सगळी भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात. निवृत्तीनंतर ठिकठिकाणच्या खातेनिहाय चौकशांमध्ये चौकशी अधिकारी म्हणून बसतो. गाव मंगळवेढा तालुक्यातलं, घर माळकरी. शास्त्रात मी पारंगत नाही, पण तुमच्यासारखी माणसं आयुष्यभर माझ्या टेबलासमोर बसत आली. आणि एकदा टेबलाच्या चुकीच्या बाजूला मी स्वतः होतो. ते पुढे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही.

तुमच्या प्रश्नात दोन फायली एका दोऱ्यात बांधल्या गेल्या आहेत. एक फाईल नोटिशीची. तिला मुदत आहे आणि ती तुमच्या टेबलावर आहे. दुसरी फाईल त्या माणसाच्या पापपुण्याची. ती तुमच्या टेबलावर कधी आलेलीच नाही. तुम्ही पहिली फाईल देवाकडे पाठवून बसला आहात आणि दुसरी रोज रात्री स्वतः चाळता आहात. माझं सगळं म्हणणं या अदलाबदलीबद्दल आहे.

आधी नोटीस, कारण मुदत थांबत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ ठरता की पर्यवेक्षक, हे मोठं वळण आहे. ते व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामावरून ठरत नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय काम करता आणि किती पगार घेता यावरून ठरतं. ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणवणारी पण हातात गेज घेऊन दिवसभर तपासणी करणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यामुळे कुणी जुनी कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली तरी तेवढ्यावर विसंबू नका. कामगार कायद्याची रोजची प्रॅक्टिस असलेल्या वकिलाला एकदा तासभर भेटा. युनियन आहे की नाही, घरावर कर्जाचा हप्ता किती, तो फोन तुमच्याखेरीज कुणी ऐकला का, यावरही पुढचं ठरेल. पण नोटिशीला लेखी उत्तर द्यायचं की नाही, हे मात्र कशावरही अवलंबून नाही. द्यायचं. मुदत उलटली असेल तरी द्यायचं. उत्तर न आलेली नोटीस फाईलमध्ये ‘कर्मचाऱ्याला काही म्हणायचे नाही’ अशीच वाचली जाते. दोन वर्षांनी तिसराच माणूस ती फाईल उघडतो, तेव्हा त्याला तुमची आई दिसत नाही, तुमचा देवावरचा भरवसा दिसत नाही. त्याला कोरी जागा दिसते.

उत्तर लिहिताना सगळ्यात मोठा धोका माफीनाम्याचा. ‘दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा होणार नाही, साहेबांकडून मिटवून घेतो,’ असं प्रेमाने सांगणारा एक माणूस प्रत्येक कारखान्यात असतो. काही वेळा तो खरंच तुमच्या भल्यासाठी सांगत असतो. पण त्या दोन ओळी म्हणजे कबुली. मी चौकशीला बसतो तेव्हा असा कागद समोर आला की अर्धी चौकशी तिथेच संपते. नंतर कर्मचारी सांगतो की साहेबांनी लिहून घेतलं, पण दबाव दाखवणारा कागद त्याच्याकडे नसतो आणि कबुलीचा कागद कंपनीकडे असतो.

दुसरा धोका याच्या उलटा. चार पानं संताप. ‘हे गृहस्थ ढोंगी आहेत, पूजा घालतात आणि खोटं बोलतात.’ अशा वाक्याने त्यांचं काही बिघडत नाही, तुमच्या उत्तराचं वजन मात्र जातं. त्यांची पूजा खरी की खोटी हा चौकशीचा मुद्दाच नाही.

मग लिहायचं काय? काय घडलं ते, क्रमाने. अमुक तारीख, अमुक शिफ्ट, लॉट नंबर, किती नग तपासले, माप किती आलं, ड्रॉइंगवर किती हवं होतं. मी लॉट थांबवला, त्याची नोंद अमुक रजिस्टरमध्ये आहे. अमुक वाजता अमुक यांचा फोन आला. त्यांनी लॉट सोडायला सांगितला. मी सोडला. त्या वेळी लेखी डेव्हिएशन, म्हणजे मापात सूट देणारी परवानगी, घेतलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला बोचेल, पण ते गाळू नका. लॉट सोडणारी सही तुमची आहे. लेखी परवानगीशिवाय सोडायचा नसतो हे ११ वर्षांच्या माणसाला माहीत असतं. तुमचा तेवढा वाटा तुमचा आहे. तो वस्तुस्थिती म्हणून सांगा, माफी म्हणून नाही, आणि त्यापेक्षा जास्त अंगावर घेऊ नका. माझा अनुभव असा की ज्याने स्वतःचा वाटा आपणहून सांगितला, त्याचं उरलेलं बोलणं चौकशी अधिकारी जास्त लक्ष देऊन ऐकतो.

आणि कागद मागा. तपासणी अहवाल, शिफ्टचं लॉगबुक, त्या रात्रीचा गेटपास, आधीच्या सहा महिन्यांत याच पद्धतीने तोंडी सूचनेवर सुटलेले लॉट. ‘हे कागद कंपनीच्या ताब्यात आहेत, ते मला दाखवावेत,’ एवढंच लिहा. कंपनीचे कागद स्वतःच्या मेलवर पाठवू नका, ड्रॉइंगचे फोटो काढून घरी नेऊ नका. त्यापायी दुसरी नोटीस निघते आणि पहिली बाजूला राहते. तुमच्या स्वतःच्या फोनमधली कॉलची नोंद मात्र तुमची आहे, ती आजच जपून ठेवा. त्या रात्रीचं जे जे आठवतं ते आज तारीख घालून वहीत लिहून काढा, सहा महिन्यांनी आठवण झिजते. पगारवाढ कशासाठी थांबवली हे लेखी विचारा. शिक्षा म्हणून थांबवली असेल तर तुमचं म्हणणं ऐकण्याआधी शिक्षा कशी झाली, हा प्रश्न उभा राहतो. वार्षिक मूल्यमापनात कमी गुण दिले असतील तर ते गुण आणि त्यांची कारणं मागा. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या.

पुढे आरोपपत्र आलं आणि चौकशी बसली तर घाबरू नका. तिथे तुम्हाला बचाव प्रतिनिधी मागता येतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, रोजच्या कामकाजाची प्रत मागता येते. एक लक्षात ठेवा, खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतात. म्हणून ‘माझ्याविरुद्ध काही सिद्धच होणार नाही’ या भरवशावर राहू नका. पण हेच पारडं तुमच्या बाजूनेही झुकू शकतं. लॉट आधी थांबवणारा माणूस तासाभरात कुणाच्याही सांगण्याशिवाय तो का सोडेल, या एका प्रश्नात पुष्कळ वजन आहे. तो तुमच्या उत्तरात असलाच पाहिजे.

द्यूतसभेत द्रौपदीला बोलावलं तेव्हा कृष्णाचा धावा करण्याआधी तिने काय केलं ते आपण विसरतो. तिने एक प्रश्न पाठवला. युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की आधी मला? स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? रडणं, शाप देणं यांना त्या सभेने भीक घातली नसती. पण या प्रश्नाने भीष्म अडखळले आणि कौरवांतलाच विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलला. तुमच्या उत्तरात असा एक प्रश्न असू द्या.

नोटिशीचं एवढंच. मुदतीत उत्तर, त्यात माफी नाही, शिव्या नाहीत, कागदांची मागणी, आणि हातात पोच.

आता दुसरी फाईल. देव न्याय करतो का? तुम्ही हे ज्या माणसाबद्दल विचारता, तसा माणूस मी होतो.

१९९३ची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. प्रेस शॉपमध्ये एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण, काढलेलं होतं, कारण गार्डमुळे तासाला नग कमी निघत. ते काढायला सांगणारा प्रॉडक्शनचा माणूस कोण, हे शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला हवा, हे तेव्हाच्या १९४८च्या कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि ते मला पाठ होतं. अहवाल मी लिहायचा होता. मला वरून सांगितलं गेलं आणि मी लिहिलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा.’ अपघाताचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, लाभ त्या ऑपरेटरना मिळाला, तिथे चूक कुणाची हे आडवं आलं नाही. पण माझ्या अहवालावरून त्यांना ताकीदपत्र गेलं आणि ते त्यांच्या फाईलला चिकटलं.

ते गृहस्थ माळकरी होते, माझ्या वडिलांच्या वयाचे नव्हेत, पण मी त्यांना मामा म्हणायचो. हाताला पट्टी बांधलेली असताना ते माझ्या टेबलासमोर आले, ताकीदपत्रावर सही केली आणि म्हणाले, ‘पांडुरंगाची इच्छा, साहेब.’

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला हायसं वाटलं. त्यांच्या श्रद्धेने माझं काम सोपं केलं. त्यांनी पांडुरंगाचं नाव घेतलं नसतं, ‘गार्ड कुणी काढलं ते लिहा’ एवढं म्हटलं असतं, तर मला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. म्हणून तुमची आई ‘देव बघून घेईल’ म्हणते तेव्हा तिची काळजी मला समजते. पण त्या वाक्याचा उपयोग पहिल्यांदा कुणाला होतो हेही मला माहीत आहे. मी तो करून घेतला आहे.

देवाने माझं काय केलं? पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली. घरची पूजा चालू राहिली, आषाढीचा उपास चालू राहिला. नंतर एका पावसाळ्यात माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणाला खिळली. एका रात्री तिच्या उशाशी बसलेलो असताना मनात आलं, ही त्या दोन बोटांची परतफेड तर नाही? आणि लगेच दुसरा विचार आला. सही मी केली होती, या लेकराने नाही. असा हिशेब करणारा देव मला नको आहे, आणि माझ्या घरात ज्याचं नाव घेतलं जातं तो असा नाही. मुलगी बरी झाली. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. मला भीती देवाची वाटत नव्हती. माझ्या हातून लिहिलं गेलेलं एक खोटं वाक्य एका माणसाच्या फाईलमध्ये बसलं होतं, आणि ते काढायला माझ्याशिवाय कुणी येणार नव्हतं.

अपघातानंतर चार वर्षांनी सेटरच्या, म्हणजे यंत्र लावून देणाऱ्याच्या, वरच्या जागेसाठी मामांचं नाव आलं. ताकीदपत्रामुळे ते मागे पडत होते. तेव्हा मी टिपण लिहिलं की १९९३चा माझा अहवाल वस्तुस्थितीला धरून नव्हता. ताकीदपत्र मागे घेतलं गेलं, पण तोवर जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. मी मामांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या दिवशी लिहिलं असतंत तर.’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले.

तुम्ही मला न्यायाबद्दल विचारता तेव्हा मला आमच्या मंगळवेढ्याच्या दोन गोष्टी आठवतात. दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली. बिदरहून बोलावणं आलं, त्यांना बांधून नेत होते. कीर्तनकार सांगतात की इकडे विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली आणि दामाजींना सोडवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकून डोळे भरून यायचे.

पण त्याच मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट आहे, आणि ती कुणी लहान मुलांना झोपताना सांगत नाही. १३३८ मध्ये गावकुसाचं बांधकाम चालू होतं. राबणाऱ्यांत चोखोबा होते. कूस ढासळलं आणि ढिगाऱ्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. दामाजींसाठी धावलेला विठोबा ती भिंत धरायला आला नाही. चोखोबांची भक्ती कुठे कमी पडली होती? असं म्हणायची छाती वारकऱ्यांमध्ये कुणाचीही नाही. बडवे मारतात, धाव घाल, उशीर करू नकोस, अशी तक्रार त्यांनी विठोबाला तोंडावर केलेली आहे. देवाकडे गाऱ्हाणं मांडणं ही आपल्याकडे अश्रद्धा कधीच नव्हती.

चोखोबांसाठी आलं कोण? नामदेव आले. ढिगाऱ्यातून त्यांनी अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला नेल्या. परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. महाद्वारात नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. बाहेर, कारण आत जायची त्यांना बंदी होती. ती बंदी पुढे ६०० वर्षं टिकली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. चोखोबांचा न्याय देवाने केला की साने गुरुजींनी, हा प्रश्न मला पडत नाही. माझ्या श्रद्धेत त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पण नामदेव उठले नसते, गुरुजी उपोषणाला बसले नसते आणि सगळ्यांनी ‘देव बघून घेईल’ म्हटलं असतं, तर काय झालं असतं ते तुम्हाला दिसतंच आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. त्या माणसाला या जन्मी फळ मिळेल असं वचन मी देत नाही. मला मिळालं नाही, निदान बाहेरून दिसेल असं काही मिळालं नाही. सज्जन माणूस नेहमी वाचतो असंही सांगत नाही, मंगळवेढ्याच्या माणसाला ते सांगता येत नाही. मात्र आपल्याकडे कर्माचे तीन भाग सांगितले आहेत, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. नोकरीत अन्याय झाला की सगळे प्रारब्धावर बोलतात. क्रियमाण, म्हणजे आत्ता या घडीला तुमच्या हातून होणारं कर्म, त्याचं नाव कुणी काढत नाही. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हा श्लोक मी मॅनेजमेंटच्या भाषणांत शेकडो वेळा ऐकला आहे, काम करा आणि फळ मागू नका असं सांगायला. त्याचा शेवटचा चरण ऐकवणारा मला एकही भेटला नाही. ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि.’ काही न करण्याची आसक्तीही धरू नकोस. तुमची गप्प बसण्याची इच्छा श्रद्धेतून आली आहे की भीतीतून, हे तुम्हीच तपासा. भीती असेल तर त्यात लाज नाही, घर चालवायचं असतं. पण मग तिला भीती म्हणा, तिच्या अंगावर देवाचा शेला घालू नका. भीती म्हणून ओळखली की तिच्यावर उपाय करता येतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढता येतो, दुसरीकडे अर्ज टाकता येतो, युनियनच्या माणसाशी बोलता येतं. सगळं तोलून तुम्ही उत्तर देऊन शांतपणे नोकरी बदललीत, तर तीही हार नाही. मी कितीतरी चांगल्या माणसांना तसं करायला सांगितलं आहे. उत्तर न देता मात्र जाऊ नका.

आता कँटीनमधल्या त्या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमची झोप नोटिशीने नाही, त्या वाक्याने घालवली आहे. क्षणभर बरं वाटलं, ते दुखावलेल्या मनाचं बरं वाटणं होतं. ते आलं, तुम्ही ते ओळखलंत आणि तुम्हाला ते आवडलं नाही. यात पाप मला दिसत नाही. पण ‘वरच्याने हिशेब केला’ हे मान्य करू नका, मनातसुद्धा नाही. ते एकदा मान्य केलं की माझ्या मुलीचा ताप मामांच्या बोटांची किंमत ठरतो, आणि चोखोबांवर पडलेली भिंतही कशाची तरी शिक्षा ठरते. ‘गहना कर्मणो गतिः’ असं गीतेनेच म्हटलं आहे. जी गती तिथे गहन म्हटली, ती कँटीनमध्ये चहा पिता पिता कुणाला कळली असेल असं मला वाटत नाही. तो मुलगा रस्त्यावर पडला, बस.

त्याला भेटायला जावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असावं असं वाटतं. जायचं असेल तर आधी नोटिशीचं उत्तर देऊन, पोच घेऊन, मग जा. आधी गेलात तर ते तडजोडीला आल्यासारखं दिसेल, तुमच्याही मनात घोळ होईल. गेल्यावर लॉटबद्दल एक शब्द काढू नका. त्यांनी काढला तरी ‘ते लेखी दिलं आहे’ एवढंच म्हणा आणि मुलाची विचारपूस करा. जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, ओढूनताणून केलेली भेट कुणालाच बरी वाटत नाही.

दिव्याचं मी सांगणार नाही, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. रागावून बंद केलात म्हणजे नातं अजून आहे, एवढं मला दिसतं. चोखोबाही रागावले होते. आईला मात्र सांगा की देवावर सोडलं आहेच, फक्त उत्तर लिहून मग सोडलं आहे. आणि तिला दामाजींच्या गोष्टीतला शेवट आठवून द्या, तिला तो नक्की माहीत असेल. बादशहाकडे पैसे भरल्यावर विठोबा तसाच निघून आला नाही. त्याने पावती लिहून घेतली आणि दामाजींच्या पोथीत ठेवली.

नोटीस तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडली आणि उत्तराला किती दिवस दिले आहेत, हे आज कळवा. शक्य झालं तर उत्तराचा कच्चा मसुदाही पाठवा, नावं आणि कंपनीचा उल्लेख काढून. मी वाचून देतो.